दरबार गेले, अकादमी आली!

‘खाँसाहेब, आपण कोणत्या दरबारचे?’ एके काळी नव्या गावी मैफलीला आलेल्या गवयाला हा प्रश्न हमखास विचारला जाई, आणि त्याच्या उत्तरावरून त्याची बिदागी व बसण्याची जागा ठरे. फैयाजखाँ म्हटले की बडोदे आठवावे, अल्लादियाखाँ म्हटले की शाहू महाराजांचे कोल्हापूर! आपल्या मराठी रंगभूमीचा पाळणादेखील दरबारातच हलला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, ते सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने.

हा आश्रय राजाच्या लहरीवर चाले, हे खरे. महाराजांची मर्जी फिरली की गवयाचे बिऱ्हाड हलले! परंतु जोवर मर्जी होती, तोवर दोन वेळच्या भाकरीची काळजी नसे आणि पहाटे तंबोरा घेऊन बसायला सवड मिळे. पुढे देश स्वतंत्र झाला आणि संस्थाने विलीन झाली. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर व मे महिन्यात बडोदे मुंबई प्रांतात आले. प्रजेच्या दृष्टीने ही गोष्ट इष्टच झाली. पण दरबारी गवयाने आता कोणाच्या दारात उभे राहायचे?

या प्रश्नाला नव्या सरकारने दिलेले एक उत्तर म्हणजे संगीत नाटक अकादमी. ३१ मे १९५२ च्या ठरावाने ती स्थापन झाली आणि २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते संसद भवनात तिचे उद्घाटन झाले. त्या वेळी शिक्षणखाते होते मौलाना आझादांकडे. पहिले अध्यक्ष पी. व्ही. राजमन्नार हे मद्रास हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि तेलुगू नाटककारही! पैसा सरकारने द्यावा, मात्र कलेचा निवाडा कलेतल्या जाणकारांनी करावा, अशी ही योजना. साहित्य व ललित कला या दोन धाकट्या बहिणींसह तिचे बिऱ्हाड दिल्लीच्या रवींद्र भवनात आहे.

दरबारचे वारस

अकादमीने आपले सर्वोच्च मानपद १९५४ साली प्रथम कोणाला दिले, हे पाहण्यासारखे आहे. मैहर दरबारचे अल्लाउद्दीनखाँ, ग्वाल्हेरचे सरोदिये हाफिज अलीखाँ, दक्षिणेतले अरियाकुडी रामानुज अय्यंगार व कराईकुडी सांबशिव अय्यर आणि नाट्यक्षेत्रातले पृथ्वीराज कपूर! दरबाराच्या छत्राखाली वाढलेल्यांना प्रजासत्ताकाने आपले म्हटले, असाच याचा अर्थ.

आपल्याकडची नावेही लवकरच आली. सुरश्री केसरबाई केरकरांना १९५३ साली पुरस्कार मिळाला, हिराबाई बडोदेकरांना १९६५ साली, नाटककार विजय तेंडुलकरांना १९७० साली. परंतु १९५५ सालचे एक नाव वाचताना मराठी माणूस थबकल्याशिवाय राहणार नाही. ते म्हणजे बालगंधर्व. ज्या नटाच्या शालूची आणि अंबाड्याची नक्कल घरोघरच्या स्त्रिया करीत, त्याचा गौरव झाला तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. वैभवाचे दिवस कधीच सरले होते, कर्जाच्या चिंतेने पाठ सोडली नव्हती. मान मोठा, पण तो यायला किती उशीर!

हा उशीर काही त्यांच्यापुरताच नव्हता. लावणीचा बैठकीतला बाज ज्यांनी गळ्यात आणि अदेत जतन केला, त्या यमुनाबाई वाईकरांना अकादमीचा पुरस्कार १९९५ साली मिळाला, त्या ऐंशीच्या घरात असताना! २०१९, २०२० व २०२१ या तीन सालांचे पुरस्कार २०२२ च्या नोव्हेंबरात एकदमच जाहीर झाले. पुढे २०२३ मध्ये अकादमीने पंचाहत्तरी ओलांडलेल्या चौऱ्याऐंशी कलावंतांना खास ‘अमृत पुरस्कार’ दिले. अट अशी, की आजवर त्यांना एकही राष्ट्रीय सन्मान मिळालेला नसावा. त्या वृद्धांच्या हाती ताम्रपट पडला याचा आनंद कोणाला होणार नाही? तरीही चौऱ्याऐंशीजण पंचाहत्तर वर्षे नजरेआडच राहिले, ही गोष्ट मनाला टोचतेच. चाळिशीच्या आतल्या कलावंतांसाठी २००६ पासून बिस्मिल्लाखाँच्या नावाने निराळा पुरस्कार आहे, एवढा एक दिलासा.

ताम्रपटापलीकडे

वृत्तपत्रांतून आपल्याला दिसतो तो समारंभ. तेवढ्यावरून अकादमीची पारख करणे मात्र अन्यायाचे होईल. तिचे मोठे काम शांतपणे चालते आणि त्याचा फोटो कोणी छापत नाही.

केरळातल्या कूडियाट्टमचेच पाहा. संस्कृत नाटके शतकानुशतके मंदिरांच्या नाट्यगृहांत करणारी ही परंपरा. एकेक प्रयोग पूर्ण व्हायला कधी चाळीस दिवसही लागतात आणि नट तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे! तिकीटविक्रीवर असा खेळ कसा चालणार? मंदिरांचे उत्पन्न आटल्यावर तो बुडण्याच्या बेतात आला. अकादमीने गुरूला मानधन, शिष्याला विद्यावेतन आणि प्रयोगाला साहाय्य अशी तजवीज केली. २००१ साली युनेस्कोने या कलेचा गौरव केला आणि २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला अकादमीने तिचे केंद्रच उघडले. इथे ताम्रपटापेक्षा शिष्याच्या जेवणाची सोय अधिक मोलाची ठरली.

इंफाळची मणिपूर नृत्य अकादमी आणि दिल्लीचे कथक केंद्र ही याच घरची लेकरे. राष्ट्रीय नाट्यविद्यालयही १९५९ साली अकादमीनेच काढले. १९७५ पासून ते स्वतंत्रपणे चालते. त्याला शिस्त लावणारे इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे! ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा साकारणाऱ्या आपल्या रोहिणी हट्टंगडी त्यांच्याच तालमीतल्या.

शिवाय अकादमीचा संग्रह आहे. ध्वनिफिती, चित्रफिती, छायाचित्रे, नाना तऱ्हेची वाद्ये! अशा संग्रहाचे मोल केसरबाईंची आठवण झाली की कळते. त्यांना ध्वनिमुद्रणाचे वावडे, त्यामुळे एवढ्या थोर गायनातले फारच थोडे आपल्या कानांपर्यंत पोचले. पुस्तक जळाले तर दुसरी प्रत शोधता येते. गाणारी व्यक्ती गेली आणि मागे शिष्य नसला, तर शोधायचे कुठे?

वाचकहो, आज आपण पणत्या लावतो त्या दीपावलीची नोंदही डिसेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. त्या यादीसंबंधीचे भारताचे कामकाज अकादमीकडेच असते.

उरलेला वाटा आपला

मग दरबारची जागा अकादमीने भरून काढली का? निम्मी भरली, असे म्हणावे लागेल. महाराज नुसते द्रव्य देत नसत, ते समोर बसून ऐकतही. अकादमी मानधन देईल, जपणूक करील, ताम्रपटही देईल. पण समोर बसून मान डोलावणारा श्रोता ती कोठून आणणार? शिवाय अनुदानासाठी अर्ज हवा, कागदपत्रे हवीत. आयुष्य गावोगावच्या फडावर काढलेल्या ढोलकीवाल्याने ती कोणाकडून लिहून घ्यायची?

या दोन्ही गोष्टी तुमच्या-आमच्यासारख्या घरांना करता येण्याजोग्या आहेत. आपल्या गावात असा कोणी वृद्ध कीर्तनकार, शाहीर, सनईवाला असेल, तर त्याची माहिती नीट लिहून त्याला अर्ज करायला मदत करावी. मुलीच्या लग्नात सनईची तबकडी लावण्याऐवजी माणूस बोलवावा. दिवाळी पहाटेच्या मैफलीला फुकट पास न शोधता तिकीट काढावे, आणि मुलांना बरोबर न्यावे.

ताम्रपट मिळण्यासाठी कलावंताला ऐंशी वर्षे थांबावे लागले, तर तो दोष दिल्लीचा. पण शेजारच्या गल्लीतले गाणे ऐकायला आपण गेलोच नाही, तर तो दिल्लीच्या माथी मारता येणार नाही.