लांबची वाट, लवकर मुक्काम

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एअर इंडियाचं विमान २०१६च्या ऑक्टोबरात दिशा बदलून निघालं. तोवर ते पश्चिमेकडून, अटलांटिक महासागर ओलांडून जायचं. आता ते पूर्वेकडे तोंड करून प्रशांत महासागरावरून जाऊ लागलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटरची झाली. प्रवासाचा वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला.

भागाकार करून पाहा. ताशी सरासरी हजार किलोमीटरहून जास्त वेग येतो. बोइंग ७७७ स्वतःच्या बळावर ताशी नऊशेच्या आसपास जातं. मग वरचे दीडशे किलोमीटर आले कुठून?

आधी अंतराचं पाहू. घरातल्या पृथ्वीगोलावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो थेट उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. दोन शहरांमधलं खरं कमीत कमी अंतर हेच, सुमारे १२,४०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कधीच दिसत नाही. मुलांना नकाशाआधी गोल हातात द्यावा, असं मला यासाठीच वाटतं. पण गोलावरचा दोरा तरी अर्धीच गोष्ट सांगतो, कारण विमान जमिनीवरून धावत नाही. ते हवेतून जातं, आणि हवा स्वतःच वाहत असते. कोकणातल्या खाडीत माल घेऊन आत जाणारे पडाव भरतीची वाट पाहत थांबत. वल्ही तीच, माणसं तीच; पाणी सोबत आलं की गाव लवकर लागे. विमानाचंही तसंच.

आकाशातलं हे भरतीचं पाणी म्हणजे जेट प्रवाह. विषुववृत्ताकडची तापलेली हवा आणि ध्रुवाकडची गार हवा यांच्या तापमानातल्या तफावतीतून, पृथ्वीच्या फिरण्याने वळण घेत, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची ही नदी वाहते. हिवाळ्यात तफावत वाढते, तसा तिचा जोरही वाढतो. मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि परतताना तासाभराची बचत होते, तीही याच वाऱ्यामुळे.

हा वारा पहिल्यांदा नेटाने मोजला तो जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी. तातेनो इथल्या वेधशाळेतून १९२०च्या दशकात ते फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा मागोवा घेत. हिवाळ्यात त्यांना ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरातले वारे आढळले. हे जगभर वाचलं जावं म्हणून १९२६मध्ये त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापला. ती भाषा वाचणारे थोडे, त्यामुळे इतकं मोलाचं काम जगापर्यंत पोचलंच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १९४४च्या अखेरीस अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर उंचावरून गेली, तेव्हा याच वाऱ्याने त्यांचे बाँब लक्ष्यापासून दूर जाऊ लागले.

आपल्या डोक्यावरचं आकाश तर आणखी वेगळं वागतं. पावसाळ्यात तिबेटचं पठार तापतं आणि दक्षिण भारतावर, चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर, वारा चक्क उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८मध्ये या प्रवाहाचं सविस्तर वर्णन केलं. खाली नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून पाऊस घेऊन सह्याद्रीवर आदळत असतो, आणि त्याच वेळी खूप वर पूर्वेचा वारा त्याच समुद्राकडे परत निघालेला असतो.