तुयेला कारखाने येतील तेव्हा: परदेशी ब्रँड, कंत्राटी हात आणि गोव्याच्या अटी

पेडणे तालुक्यातील तुये येथे सुमारे सहा लाख चौरस मीटर जागेवर इलेक्ट्रॉनिक उत्पादन समूह उभारण्याचा प्रकल्प गोवा सरकारने केंद्राच्या 2012 सालच्या योजनेखाली हाती घेतला. अशा समूहात रस्ते, वीज, पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था सरकारी पैशातून आधी उभी केली जाते आणि मग भूखंड कंपन्यांना दिले जातात. नव्या जागेवरील समूहासाठी निम्म्यापर्यंतचा खर्च, मात्र दर 100 एकरांमागे 50 कोटी रुपयांच्या मर्यादेत, केंद्राने उचलावा, अशी या योजनेतील तरतूद होती. प्रकल्प अनेक वर्षे रेंगाळला आणि त्याबद्दलची चर्चा कंपन्या कधी येणार आणि नोकऱ्या पेडणेकरांना मिळणार का, या दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिली. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण सार्वजनिक जमीन आणि पैसा देणाऱ्या राज्याने त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो म्हणजे हे कारखाने कोणत्या अटींवर चालणार.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी आधी या उद्योगाची रचना पाहावी लागते. मोबाइल किंवा संगणकावर ज्या कंपनीचे नाव असते, ती बहुधा स्वतः कारखाना चालवत नाही. आराखडा, सॉफ्टवेअर आणि विक्री आपल्याकडे ठेवून ती जुळणीचे काम फॉक्सकॉनसारख्या कंत्राटी उत्पादकाकडे सोपवते, म्हणजेच दुसऱ्याच्या नावाने माल बनवून देणाऱ्या कंपनीकडे. 2009 च्या सुमाराच्या आयफोनवर झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की, त्याच्या सुमारे 179 डॉलर उत्पादनखर्चापैकी चीनमधील जुळणीच्या वाट्याला केवळ साडेसहा डॉलर येत होते. कंत्राटदाराचा नफा त्या चिंचोळ्या वाट्यातूनच निघायचा असल्यामुळे, आणि नवे मॉडेल बाजारात येण्याआधी काही महिने हजारो माणसे हवीत व नंतर नकोत अशी मागणीची चाल असल्यामुळे, मजूर ठेकेदारामार्फत आणणे, त्यांना वसतिगृहात ठेवणे आणि पाळ्या लांबवणे हे प्रकार या धंद्यात अपवाद म्हणून नव्हे, तर नेहमीचा व्यवहार म्हणून रुजले.

त्याची किंमत कोणी मोजली हे जगाला माहीत आहे. 2010 मध्ये शेन्झेनमधील फॉक्सकॉनच्या कारखान्यांत तरुण कामगारांच्या आत्महत्यांची मालिकाच घडली. त्याच सुमारास सूझौ येथील विन्टेकच्या कारखान्यात मोबाइलचे पडदे लवकर वाळावेत म्हणून एन-हेक्झेन हे द्रावक वापरले गेले आणि 137 कामगारांच्या मज्जातंतूंना इजा झाली. सॅमसंगच्या चिप कारखान्यांतील कामगारांना झालेल्या रक्ताच्या कर्करोगाबद्दल कुटुंबीयांनी दशकाहून अधिक काळ लढा दिल्यानंतर, 2018 मध्ये कंपनीने जाहीर माफी मागितली. भारतही यापासून दूर राहिला नाही. डिसेंबर 2020 मध्ये कर्नाटकातील नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात थकलेल्या आणि कापलेल्या वेतनावरून तोडफोड झाली, तर डिसेंबर 2021 मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळच्या फॉक्सकॉन कारखान्यातील महिला कामगारांना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाल्यावर हजारो जणींनी रस्ता अडवला. दोन्ही वेळा ॲपलने आपल्या पुरवठादाराला देखरेखीखाली ठेवले, आणि तसे करणे योग्यच होते. पण ही कारवाई माणसे रस्त्यावर आल्यानंतर झाली. ब्रँडची आचारसंहिता कारखान्यात आधीपासून लागू होतीच, तरी पगारपत्रकातील गोंधळ आणि स्वयंपाकघरातील घाण तिने रोखली नाही. ज्याला स्वस्त माल हवा आहे त्याच्याच हाती तपासणी सोपवली की हे असेच होणार.

दूरच्या खरेदीदारासाठी राबणे गोव्याला नवे नाही. 1950 च्या दशकापासून डिचोली आणि आसपासच्या तालुक्यांतील लोहखनिज बार्जमधून मांडवी आणि जुवारी नद्यांवाटे मुरगाव बंदरात येत असे आणि तेथून जपानकडे, पुढे चीनकडे रवाना होत असे. खनिज घेणाऱ्या पोलाद कारखान्याला त्याची प्रत आणि दर माहीत असे; शिरगावात खाणी भूजलपातळीच्या खाली खणल्या गेल्याने विहिरी आटल्या, शेतात खाणीचा गाळ शिरला, हे त्याच्या हिशेबात कोठेच नव्हते. हा हिशेब मागायचे काम गावकऱ्यांना, गोवा फाउंडेशनसारख्या संस्थेला आणि शेवटी न्यायालयाला करावे लागले. 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 22 नोव्हेंबर 2007 नंतर लीजची मुदत संपलेली असताना झालेले उत्खनन बेकायदा होते. आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजचे नूतनीकरणच रद्द झाले. त्या निकालांनंतर ट्रक आणि बार्ज यांच्यावर पोट भरणाऱ्या कुटुंबांचे काय झाले, हे डिचोलीत कोणालाही विचारावे. देखरेख वेळेवर झाली असती, तर एवढा मोठा धक्का त्यांना बसला नसता. निष्काळजी नियमनाची किंमत आधी विहिरीने आणि नंतर नोकरीने, अशी दोनदा मोजावी लागते.

दुसरा अनुभव जमिनीचा आहे. विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी, म्हणजे करसवलतीच्या निर्यात वसाहतींसाठी, वेर्णे आणि केरी येथे सात प्रवर्तकांना जमीन आधी देण्यात आली आणि लोकांना त्याचा पत्ता नंतर लागला. मोठे आंदोलन उभे राहिले, 31 डिसेंबर 2007 रोजी सरकारने हे धोरण मागे घेतले आणि पुढे जमीन परत मिळवण्यासाठी सरकारी तिजोरीतून 250 कोटींहून अधिक रक्कम मोजावी लागली. तो विरोध कारखान्यांना होता असे म्हणणे अपुरे आहे. लोकांना न विचारता केलेल्या सौद्याला तो होता.

म्हणून तुयेच्या बाबतीत राज्याने आपले हाती असलेले बळ आधीच वापरले पाहिजे. केंद्राच्या 2020 च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के रक्कम कंपन्यांना देण्याची तरतूद होती आणि त्यासाठी गुंतवणूक व विक्रीची उद्दिष्टे पाहिली जात. वेतन वेळेवर मिळते की नाही, हे त्या मोजमापात येत नव्हते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार, नोकरीच्या अटी लेखी स्वरूपात प्रमाणित करून घेण्याचे बंधन आता 300 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवरच येते. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा 100 होती. केंद्राने सैल सोडलेली ही गाठ राज्य आपल्या भूखंडाच्या करारात बांधू शकते: मुख्य उत्पादनाच्या कामावर ठेकेदाराचे नव्हे तर कंपनीचे कामगार असतील, वापरल्या जाणाऱ्या रसायनांची यादी कामगारांना मराठी, कोकणी, हिंदीत मिळेल, आणि सर्किट बोर्ड बनवताना निघणाऱ्या तांबेयुक्त सांडपाण्याची तपासणी गावाला पाहता येईल.

स्थानिकांना नोकऱ्या या मागणीचाही येथे नीट विचार व्हावा. बंदर आणि कारखान्यांच्या कामासाठी परराज्यांतून आलेली माणसे मुरगाव तालुक्यात, विशेषतः जुवारीनगर परिसरात, कित्येक दशके अपुऱ्या सोयींत राहिली, कारण त्यांना कामाला बोलावणाऱ्याने त्यांच्या घराची जबाबदारी घेतली नाही. तुयेतही ओडिशा किंवा झारखंडमधून मुली येतील. त्यांचे वेतन आणि वसतिगृह हे पेडण्याच्या प्रश्नाबाहेरचे आहेत असे मानले गेले, तर ठेकेदार त्यांनाच स्वस्त ठरवून स्थानिक मुलामुलींचे वेतनही खाली खेचील, त्यामुळे दोघांचे हित एकाच करारात बांधलेले आहे. तो करार भूखंड वाटपाआधी तुयेच्या ग्रामसभेपुढे यावा आणि त्याची अंमलबजावणी कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाने, ब्रँडच्या लेखापरीक्षकाची वाट न पाहता, स्वतः तपासावी.