पायाखालचा पत्रा

मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली तेव्हा तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेलं होतं. पुढे ती ओम्नी झाली, मग इको आली, पण इंजिनाची जागा काही हलली नाही. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी या पट्ट्यात शाळेची पोरं, लग्नाचं वऱ्हाड, डाळिंबाचे क्रेट, सगळं या गाड्यांनी वाहिलं. मे महिन्यात भर दुपारी ज्यानं ही गाडी चालवली आहे, त्याला उष्णतेचं वहन वेगळं शिकवावं लागत नाही. एसटीच्या जुन्या लाल गाडीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर घोंगडी नाहीतर गोणपाट टाकलेलं असायचं, तेही याचसाठी. त्या गोणपाटानं चटका कमी व्हायचा आणि इंजिनाची घरघरही थोडी दबायची. आज कार डेकोरच्या दुकानात जे काही विकलं जातं, त्याचा पूर्वज तोच.

दुकानात मात्र समोर येते ती चकचकीत चंदेरी शीट. वरून अॅल्युमिनियमची फॉइल, खाली काळा चिकट थर. ‘ही मारली की आवाजपण बंद आणि गरमपण बंद,’ असं सांगून ती विकली जाते. यातलं आवाजाबद्दलचं बोलणं अर्धंच खरं आहे. उष्णतेबद्दलचं जवळजवळ खोटं आहे.

तो काळा थर ब्यूटाइल रबराचा असतो. त्याचं काम पत्रा शांत करणं. स्टीलचं ताट बोटानं वाजवा, ते घणघणत राहतं. त्यावर तळहात टेकवा, घणघण तिथंच मरते. गाडीचा तळ म्हणजे साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा पत्रा. रस्त्याचे हादरे सस्पेन्शनमधून त्याच्यापर्यंत आले की तो स्वतःच्या लयीत थरथरतो आणि स्पीकरसारखा आवाज केबिनमध्ये ढकलतो. वर फॉइल आणि खाली पत्रा यांच्यामध्ये अडकलेलं रबर त्या थरथरीबरोबर घासल्यासारखं ताणलं जातं, आणि कंपनाची ऊर्जा अगदी किंचित उष्णता होऊन जिरते. एडवर्ड केरविन या अमेरिकन संशोधकानं १९५९ मध्ये या रचनेचं गणित मांडलं. म्हणजे ती फॉइल शोभेची नाही. ती नसेल तर रबर नुसतं पत्र्याबरोबर वाकेल आणि काम निम्मंही होणार नाही. ती ऊन परतवायला बसवलेली नसते, एवढंच.

यातून पैसे वाचवणारी एक गोष्ट निघते. पत्रा शांत करायला तो सगळा झाकावा लागत नाही. सपाट, मोकळा भाग निवडून त्याच्या पाव ते तृतीयांश क्षेत्रावर शीट चिकटवली तरी बराचसा फायदा मिळतो. ज्या जागी पत्र्याला दाबून वळ्या काढलेल्या असतात, तिथे तो आधीच ताठ असतो. कुठे लावायचं ते बोटाच्या पेरानं ठोकून कळतं: ‘ठण’ वाजलं तर लावा, ‘ठक्‌’ वाजलं तर सोडा. स्वस्तातली डांबरी शीट मात्र सोलापूरकडच्या उन्हात घेऊ नये. पारा बेचाळीसच्या पुढे गेल्यावर उन्हात उभ्या गाडीत डांबर मऊ पडतं, वास सोडतं, उभ्या भागावरून घसरतं. कंपन्या डांबरी पट्ट्या वापरतात, पण त्या कारखान्यात भट्टीतून नेऊन पत्र्यावर वितळवून बसवलेल्या असतात. हातानं चिकटवलेल्या पट्टीला ते जमत नाही.

आता उष्णता. पदार्थ उष्णता किती सहज पुढे देतो याला उष्णता-वाहकता म्हणतात. स्टीलची सुमारे ५०, स्थिर हवेची ०.०२६, नमद्याची किंवा बंद पेशींच्या फोमची ०.०४ च्या आसपास, रबराची ०.१५ ते ०.२ (वॉट प्रति मीटर प्रति केल्विन). दोन मिलिमीटर रबराचा अडथळा आणि एक सेंटिमीटर फोमचा अडथळा यांचा हिशेब घातला तर फोम वीसएक पट भारी ठरतो. उष्णता अडवते ती फोमच्या पोटात कोंडलेली हवा. मग चंदेरी फॉइलचं काय? चकाकतं अॅल्युमिनियम प्रारणाची उष्णता नव्वद टक्क्यांहून जास्त परत पाठवतं हे खरं, पण समोर मोकळी हवा असेल तरच. पत्र्याच्या शेडखाली फॉइलचा फोम मारतात तिथे ती हवा असते. गाडीच्या कार्पेटखाली दाबून बसवलेल्या फॉइलसमोर ती नसते, आणि मग ती फॉइल नुसता धातूचा पातळ तुकडा उरते.

ज्या जागी प्रारण खरंच मोठं आहे, तिथे कंपनीनं योग्य ती रचना आधीच केलेली असते. सायलेन्सरचा पाइप आणि तळ यांच्यामध्ये अॅल्युमिनियमचं पातळ कवच असतं, दोन्हीकडे मोकळी फट ठेवून. हा पाइप साधा नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करायला लागतो तोच अडीचशे-तीनशे अंशांवर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांमध्ये काजळीची गाळणी आली; साठलेली काजळी जाळून टाकताना ती सहाशे अंशांच्या घरात जाते. कच्च्या रस्त्यावर दगड लागून ते कवच सैल होतं, खडखडतं, आणि मग ‘आवाज येतोय ना, काढून टाकू’ म्हणून ते निघतंही. त्यानंतर मालक पायाला चटके बसतात म्हणून आतून दोन थर वाढवतो! आधी गाडी रॅम्पवर चढवून ते कवच जागेवर आहे का ते पाहावं. आणि त्या फटीत फोम, कापूस, डांबरी कोटिंग असलं काहीही कोंबू नये. आग लागायची जागा आहे ती.

मनात उगाच मोठी आशा धरू नये म्हणून एक अंदाज देतो. खालची हवा साठ अंश, आत सव्वीस. उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला दोनशे वॉटच्या आसपास उष्णता आत येते, एक सेंटिमीटर फोम टाकला की ती शंभराच्या खाली जाते. पावलांना फरक नक्की जाणवतो. पण त्याच वेळी समोरच्या काचेवर दर चौरस मीटरला आठशे-नऊशे वॉट ऊन पडत असतं. एसीला दमवणारी काच आहे, तळ नव्हे. सावलीत गाडी लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण तो दुकानात मिळत नाही.

उरला टायरचा आवाज. चाळीसच्या वर वेग गेला की गाडीत इंजिनापेक्षा टायर जास्त बोलतात. टेंभुर्णी-मोडनिंबच्या महामार्गावर ऐंशीनं जाताना जी सलग सळसळ कानात भरते, तिचा जोर एक हजार हर्ट्झच्या आसपास असतो. हा आवाज हवेतून येतो. त्याला अडवायला वजन लागतं. दर चौरस मीटरचं वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल कमी, असा ढोबळ नियम आहे. म्हणून चौरस मीटरला पाच किलो भरणारी जड व्हिनाइल शीट वापरतात. ती पत्र्यावर थेट चिकटवू नये, मध्ये फोम किंवा नमदा ठेवून तरंगती ठेवावी. पत्रा आणि शीट अशा दोन भिंती, मध्ये मऊ गादी. या जोडीलाही स्वतःची एक लय असते. पाऊण मिलिमीटर पत्रा, एक सेंटिमीटर गादी आणि पाच किलोची शीट धरून गणित केलं तर ती साडेतीनशे हर्ट्झच्या आसपास येते. त्याच्या बऱ्याच वर, म्हणजे टायरच्या सळसळीवर, ही रचना छान चालते. त्याच्या खाली, खड्ड्याच्या धडधडीवर किंवा शंभर हर्ट्झच्या घुमण्यावर, तिचा उपयोग जवळजवळ शून्य. ‘सगळं करून घेतलं तरी गाडी घुमतेच’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

आणि भोकं. पृष्ठभागाच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी बाकीची भिंत कितीही जाड करा, वीस डेसिबलच्या पुढे अडवणूक जात नाही. वायरिंग जिथून आत येतं तिथलं रबर, गिअरच्या दांड्याचं बूट, तळाची निसटलेली बुचं, दाराचं चपटं झालेलं रबर हे आधी बघावं. हे काम काही शे रुपयांत होतं, म्हणून कुणी सुचवत नाही. उसाच्या हंगामात शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरवरची गाणी मात्र काचेतून येतात. त्यांच्यापुढे तळाचे थर काही करू शकत नाहीत.

गादी कशाची घ्यावी? दाबून केलेल्या कापसाच्या चिंध्यांचा नमदा आवाज चांगला पितो, बऱ्याच गाड्यांत कंपनीकडून तोच येतो. पण पावसात ओले बूट, सांडलेली पाण्याची बाटली, आणि तो आठवडाभर ओला राहतो. खालचा पत्रा आतून गंजतो ते वरून दिसत नाही. तळासाठी मी बंद पेशींचा फोम घेईन: एक्सएलपीई, किंवा एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा नायट्राइल रबराचा. फोम आगीला किती लवकर पेटतो याचा कागद दुकानदाराकडे मागावा. अमेरिकेत १९७२ पासून गाडीच्या आतल्या सामानानं मिनिटाला चार इंचांपेक्षा वेगानं जळू नये असा नियम आहे, आणि पॅकिंगचा साधा फोम त्यात बसेलच असं नाही. सध्या चलती असलेलं व्हिनाइलचं फ्लोअर लॅमिनेशन पुसायला सोपं, पण कडेनं आत गेलेलं पाणी त्याच्याखालून बाहेर येत नाही.

काम करून घेताना तळाची बुचं थरांखाली गाडू नका, ती पुढे काढावी लागतात. सीट सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबावं. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे. त्यांना मीटर लावून बघू नये. आणि सीटचे बोल्ट पुन्हा बसवताना खाली फोमचा कपटाही येता कामा नये, बोल्टचा ताण थेट पत्र्याच्या बैठकीवर यायला हवा. त्यासाठी त्या चार जागांभोवती दोन बोटं सोडून फोम कापायला सांगावं.