कच्च्या टाक्यांची होडी

1963 साली ब्रिटनमध्ये ‘मिरर’ नावाची शिडाची होडी आली, ती सुट्या संचाच्या रूपात. प्लायवूडचे कापलेले तुकडे, तांब्याची तार, काचतंतूंची पट्टी, रेझिन आणि लाल शिडं. लांबी 3.3 मीटर, किंमत 63 पौंड 11 शिलिंग. ‘डेली मिरर’ या दैनिकाने हा उद्योग पुरस्कृत केला होता. आराखडा करणाऱ्या दोघांपैकी जॅक होल्ट होड्यांच्या धंद्यात मुरलेला. बॅरी बकनेल मात्र टीव्हीवर लोकांना घरची डागडुजी शिकवणारा. माझ्या मते या होडीचं यश बकनेलचं जास्त. पुढे 70,000 हून अधिक ‘मिरर’ झाल्या, त्यांतल्या कितीतरी लोकांनी घरीच जोडल्या.

तोवर लाकडी होडी हे बहुतांशी कसबी सुताराचं काम होतं. वाक घ्यायचा, फळीला फळी बसवायची, सांधा पाणी धरणार नाही इतका घट्ट करायचा. इथे प्लायच्या कडांना भोकं पाडायची, तार ओवायची आणि पक्कडीने पिळायची. पिळत गेलं की सपाट तुकडे आपोआप वर उचलले जाऊन होडीचा आकार घेतात. मग आतल्या सांध्यावर रेझिनमध्ये भिजवलेली पट्टी, ती वाळली की तार कापून टाकायची. शिंप्याचे कच्चे टाकेच हे. युक्ती मूळ केन लिटलडाइक या शिक्षकाची. त्याने ती कयाकसाठी वापरली होती.

त्या वेळचं रेझिन पॉलिएस्टर होतं. स्वस्त, पण लाकडाला त्याची पकड बेताची. हा दोष दूर झाला अमेरिकेत. मिशिगनमधल्या बे सिटीचे गूजॉन बंधू बर्फावर धावणाऱ्या शिडाच्या होड्या बनवत. त्यांनी 1970च्या सुमारास लाकूड एपॉक्सी रेझिनमध्ये मुरवून बांधायची पद्धत रुळवली आणि पुढे तेच एपॉक्सी विकायला काढलं. घरच्या होडीवाल्यांचं काम तिथून खऱ्या अर्थाने भरवशाचं झालं.

अर्थात एपॉक्सीची शिस्त वेगळी. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा कमीजास्त करून वाळण्याचा वेग बदलता येतो. आपल्याकडचे फायबरवाले हवामान बघून तेच करतात. एपॉक्सीत प्रमाण ठरलेलं. घाईने हार्डनर जास्त ओतला तर माल लवकर वाळत नाही, उलट मऊच राहतो. मिश्रण खोल डब्यात राहू दिलं तर ते तापतं, धुरतं आणि डब्यातच दगड होतं. म्हणून ते लगेच पसरट ताटात ओततात. पॉलिएस्टरसाठी बनवलेली काचतंतूंची नेहमीची मॅटही इथे नीट भिजत नाही, कारण तिचा बांध पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने सुटतो. एपॉक्सीला विणलेलं कापड लागतं. सुतारकी कमी झाली खरी, पण मोजमाप आणि घासकाम वाढलं. आणि घासकामाचं कौतुक कोणीच करत नाही.

कोकणच्या बंदरांत फायबरच्या होड्या दिसतात त्या बहुतेक साच्यातल्या, पॉलिएस्टरच्या. लाकूड आणि एपॉक्सीचं मोठं काम गोव्यातल्या दिवाडी बेटावर झालं. रत्नाकर दांडेकरांच्या अक्वेरियस शिपयार्डने नौदलासाठी 56 फुटी ‘म्हादेई’ बांधली, ती 2009 साली नौदलात दाखल झाली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पुरी केली. आणि गंमत बघा, 2025 साली नौदलात आलेली काथ्याने शिवलेली ‘कौंडिण्य’ही गोव्यातच बांधली गेली. तिथे मात्र टाके कापायचे नसतात. सगळा भार तेच पेलतात.

घरी होडी बांधणारे आपल्याकडे अजून विरळाच. हौस असेल तर पावसाळा सरू द्या. दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पॉलिशपेपर मारण्याआधी साध्या पाण्याने धुवावा लागतो. प्लाय ‘आयएस 710’चा मरीनच घ्या, जवळ वजनकाटा ठेवा. हातमोज्यांत कसूर नको, एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. आणि शेवटी रंग द्याच, कारण उघडं एपॉक्सी उन्हात टिकत नाही.