‘तिथे राहताच कशाला?’ असं विचारण्याआधी पाणी कुठून येतं ते बघू

सालवड (ता. पालघर) : पावसाळ्यात सातपाटीत उधाणाचं पाणी घरात शिरलं किंवा बोईसरच्या सखल चाळींत पाणी भरलं, की नाक्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "दरवर्षीचंच आहे यांचं. तिथे राहतातच कशाला?" बोलणारा माणूस वाईट नसतो. पण हा प्रश्न जेवढा सोपा वाटतो तेवढा नाही.

कोळी, मांगेला समाजाची घरं किनाऱ्यावर आहेत कारण होडी तिथे लागते. भरतीची वेळ रोज बदलते, ती कधी मध्यरात्रीही येते. मासळी उतरवायची, जाळी विणायची, बोंबील सुकवायचे, हे सगळं घराजवळच लागतं. पाच किलोमीटर आत घर दिलं तर राहायची सोय होईल, धंद्याची नाही. तारापूरचं अणुऊर्जा केंद्रसुद्धा समुद्राच्या पाण्याची गरज म्हणूनच किनाऱ्यावर आहे. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं, तेव्हा किनारा धोक्याचा आहे, बंदर आत न्या, असं कोणी म्हटलं नाही. मोठ्या प्रकल्पाला किनारा लागतो हे आपल्याला लगेच पटतं. मच्छीमाराच्या बाबतीत मात्र तो हट्ट वाटतो.

चाळीतल्या कामगाराचं कारण वेगळं. तो एमआयडीसीत कामाला आला, आणि त्याच्या पगारात जी खोली परवडली ती खोलगट जागेतली. भाडं कमी असतं ते पाणी भरतं म्हणूनच.

आता पाणी भरतं कसं ते बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते. त्याच वेळी जोराचा पाऊस झाला तर खाडीची पातळी वर असते, नाल्याचं पाणी बाहेर पडत नाही, उलट मागे ढकललं जातं. ओहोटी लागेपर्यंत थांबावंच लागतं. पूर्वी हे पाणी भातखाचरात आणि खाजणात पसरायचं. आम्ही शेतकरी बांध फोडून त्याला वाट द्यायचो. आता खाचरांवर भराव पडला, प्लॉट झाले, नाले अरुंद झाले. वरच्या माणसाने चार फूट भराव टाकला की पाणी खालच्याच्या घरात जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. बोल मात्र खालच्यालाच लागतो. नदीकाठचं गणित आणखी निराळं. धामणी धरणातून पाणी सोडलं की मासवणच्या बाजूला सूर्या नदी चढते, मग तिथे पाऊस असो की नसो.

वादळाच्या वेळी दुसरं वाक्य येतं, "सांगूनही हलत नाहीत." अमेरिकेत २००५ मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, तेव्हाही मागे राहिलेल्यांना हेच बोललं गेलं. त्यातल्या अनेक गरिबांकडे जायला गाडीच नव्हती. आपल्याकडे लोक होडी, जाळी, कोंबड्या-बकऱ्या आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी थांबतात. त्यांची सोय केली तर हलतात. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. २०१३ ला फायलिन वादळाआधी तिथे जवळपास १० लाख लोकांना हलवलं, आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. लोक तेच, किनाराही तोच. निवारे बांधले, इशारा वेळेत दिला, वाहनं पाठवली. वादळापुरतं हलणं आणि कायमचं गाव सोडणं यांत फरक आहे, तो आपण बोलताना विसरतो.

आपल्याकडे १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हा नांगर तुटून भरकटलेला एक मोठा बार्ज वडराईजवळ खडकात अडकला. त्यावरच्या १३७ जणांना वाचवण्यात आलं, हेलिकॉप्टरही आलं. ते समुद्रात गेलेच कशाला, असं कोणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पोटासाठी गेले होते.

"भरपाईसाठी रडतात" हेही ऐकतो. केंद्राच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १,२०,००० रुपये मिळतात. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५००. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, तेही ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर आणि दोन हेक्टरपर्यंतच. राज्य कधी त्यात भर घालतं. एवढ्यासाठी कोण घर बुडवून घेईल, तुम्हीच सांगा.

घरात पाणी आलंच तर साफसफाईआधी मोबाइलवर फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची खूणही घ्या. तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा मागा आणि त्याची प्रत ठेवा. अडकलात तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे. नवीन प्लॉट घेत असाल तर पावसाळ्यात, उधाणाच्या दिवशी जाऊन बघा. दलाल तुम्हाला एप्रिलमध्ये नेईल.