वर जाऊन परत येणारी रॉकेट आणि प्रवाशाची सही

२० जुलै २०२१ रोजी अमेरिकेत, टेक्सासमधल्या व्हॅन हॉर्न गावाजवळून ‘न्यू शेपर्ड’ नावाचं रॉकेट चार माणसांना घेऊन उडालं आणि साधारण दहा मिनिटांत चौघेही जमिनीवर परत आले. त्यात ‘ब्लू ओरिजिन’ कंपनीचे मालक जेफ बेझोस होते, त्यांचा भाऊ होता, नेदरलँड्सचा १८ वर्षांचा एक मुलगा होता आणि ८२ वर्षांच्या वॉली फंक होत्या. सगळे कॅमेरे बेझोस यांच्यावर होते. माझ्या मते त्या दिवशीची खरी प्रवासी फंकबाई. १९६१ साली एका खासगी कार्यक्रमात अंतराळवीरांच्या वैद्यकीय चाचण्या त्यांनी पार केल्या होत्या, पण तेव्हा बाईला अंतराळात पाठवायची कोणाची तयारी नव्हती. साठ वर्षं थांबल्या बिचाऱ्या.

माणसं उतरण्याआधी रॉकेटचा खालचा भाग, म्हणजे बूस्टर, स्वतःचा स्वतः येऊन जमिनीवर उभा राहिला होता. तो पुन्हा उडणार होता. आज आपण एवढंच बघणार आहोत की, रॉकेट परत येतं, पुन्हा पुन्हा उडतं, याचा अर्थ त्यात बसणारा माणूस सुरक्षित आहे असा होतो का?

त्याआधी थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे. एखादी वस्तू सरळ वर १०० किलोमीटरपर्यंत पोचवायची, तर हवेचा अडथळा सोडून दिला तर तिला सेकंदाला साधारण १.४ किलोमीटर वेग लागतो. पण पृथ्वीभोवती फिरत राहायचं, म्हणजे कक्षेत जायचं, तर वेग लागतो सेकंदाला ७.८ किलोमीटर. वेग साडेपाच पट. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती जवळजवळ तीस पट. ‘अवकाशात जाणं’ आणि ‘कक्षेत जाणं’ या दोन गोष्टींत एवढं अंतर आहे. कक्षेत न जाता नुसतं वर जाऊन खाली येणाऱ्या उड्डाणाला आपण उपकक्षीय उड्डाण म्हणतो.

या तीस पटीचं महत्त्व परत येताना कळतं. कक्षेतून येणाऱ्या यानाला ती सगळी ऊर्जा वातावरणात उष्णतेच्या रूपाने टाकावी लागते, म्हणून त्याला भक्कम उष्णतारोधक कवच लागतं. उपकक्षीय यानाची ती ददात बरीच कमी. रॉकेट पुन्हा वापरायचं, तर सोपी जागा हीच होती.

इथे एक गैरसमज दूर करून टाकू. हे प्रवासी तीन-चार मिनिटं तरंगतात ते ‘गुरुत्वाकर्षण संपलं’ म्हणून नव्हे. १०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीपेक्षा फक्त तीन टक्क्यांनी कमी असतं. इंजिन बंद झाल्यावर प्रवासी आणि त्यांची कुपी एकाच वेगाने, एकत्र पडत असतात, म्हणून माणूस कुपीच्या तळावर टेकत नाही. वर जातानासुद्धा ते ‘पडणं’च असतं बरं का. चेंडू हातातून सुटल्या क्षणापासून पडायला लागलेला असतो, तसं.

आता बूस्टर. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यू शेपर्डचा बूस्टर १०० किलोमीटरच्या वर जाऊन पहिल्यांदा उभा उतरला आणि जानेवारी २०१६ मध्ये तोच पुन्हा उडाला. इंधन द्रवरूप हायड्रोजन, जोडीला द्रवरूप ऑक्सिजन. खाली येताना हवेतले ब्रेक उघडतात, शेवटच्या टप्प्यात इंजिन पुन्हा पेटतं, आणि इथे खरी कसोटी लागते. टाकी रिकामी झालेली असल्यामुळे बूस्टर हलका झालेला असतो. इंजिनाने पूर्ण जोर लावला तर तो उतरण्याऐवजी परत वर जाईल! म्हणून जोर पाचव्या हिश्शापर्यंत खाली आणता येईल असं इंजिन बनवावं लागलं. मंद आचेवर रॉकेट चालवणं भल्याभल्यांना जमत नाही.

बूस्टर परत आल्याने पैसा वाचतो हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठा वाटणारा फायदा असा की, वापरलेलं इंजिन तुमच्या हातात येतं. जुनी रॉकेट समुद्रात बुडायची. इंजिनाला कुठे तडा जायला लागला होता, हे त्याच्याबरोबरच बुडायचं. आता ते उघडून बघता येतं. पण नाण्याची दुसरी बाजू अशी की, पुन्हा वापरलेला भाग झिजतोही.

१२ सप्टेंबर २०२२ला नेमकं हेच समोर आलं. त्या उड्डाणात माणसं नव्हती, वैज्ञानिक प्रयोगांचं सामान होतं. बूस्टर आधी उडून सुखरूप परत आलेला. उड्डाणानंतर जेमतेम एक मिनिट झालं आणि इंजिनाचं नोझल निकामी झालं. तपासात निघालं की, नोझलच्या रचनेत केलेल्या बदलांमुळे ते अपेक्षेपेक्षा जास्त तापत होतं आणि त्याने धातू थकला होता. बूस्टर नष्ट झाला. पण त्याच क्षणी कुपीची सुटकेची मोटर आपोआप पेटली, कुपी दूर फेकली गेली आणि पॅराशूटने नीट उतरली. आत माणसं असती तर जबरदस्त हिसका बसला असता, पण ती वाचली असती. पुढचं उड्डाण व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला.

याच्या शेजारी ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’चं यान ठेवून बघा. ते मोठ्या विमानाखाली टांगून नेतात, हवेत सोडतात आणि मग त्याचं रॉकेट पेटतं. परत येताना शेपटी वर दुमडतात, म्हणजे यान बॅडमिंटनच्या फुलासारखं स्थिर राहून खाली येतं. कल्पना फार सुंदर आहे, बर्ट रुटन यांची. पण ३१ ऑक्टोबर २०१४च्या चाचणीत सहवैमानिकाने शेपटीची कडी वेळेआधी उघडली. यानाने ध्वनीच्या वेगाच्या १.४ पट वेग गाठल्यावर ती उघडायची होती, उघडली ०.८ पट वेगाला. हवेच्या दाबाने शेपटी फिरली आणि यानाचे तुकडे झाले. सहवैमानिक मायकेल अल्सबरी यांचा मृत्यू झाला, मुख्य वैमानिक पॅराशूटमुळे वाचले. ‘चूक वैमानिकाची’ म्हणून फाइल बंद करणं सोपं होतं. अमेरिकेच्या तपास मंडळाने तसं केलं नाही. माणसाच्या एकाच चुकीने यान नष्ट होऊ शकतं, याचा विचार बनवणाऱ्यांनी केलाच नव्हता, असं मंडळाने म्हटलं. नंतर ती कडी अवेळी उघडूच नये अशी सोय बसवली गेली.

मग आज प्रवाशाने किती धोका धरायचा? समजा एखादं यान १०० वेळा उडालं आणि एकदाही अपघात झाला नाही. आपण म्हणू, वा, शंभर टक्के सुरक्षित! पण शंभरात एक अपघात इतका धोका असलेलं यानसुद्धा सलग १०० वेळा सुखरूप परत येण्याची शक्यता ३७ टक्के असते. म्हणजे शंभर निर्दोष उड्डाणांवरून एवढंच ठामपणे म्हणता येतं की, धोका बहुधा तीन टक्क्यांच्या आत आहे. प्रवासी विमानांवर आपला विश्वास बसलाय तो कोट्यवधी उड्डाणांनंतर. इथे उड्डाणांची संख्या अजून मोजता येण्यासारखी आहे.

अमेरिकेतला कायदा हे मान्य करतो, हे मला आवडतं. २००४ सालच्या दुरुस्तीनुसार, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी सरकारने यानांवर नियम घालणं बरंचसं लांबणीवर टाकलं आणि ती मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. त्याबदल्यात कंपनीने धोके लेखी सांगायचे, हे यान सुरक्षित असल्याचं सरकारने प्रमाणित केलेलं नाही हेही सांगायचं आणि प्रवाशाने त्यावर सही करायची. मला न आवडणारा भाग असा की, सही करणाऱ्याला वर सांगितलेला आकडा कोणी समजावून सांगतं का? नोझल, कडी, पॅराशूट यांचे तपशील त्याला कळावेत तरी कसे?

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: “मे २०२४ मध्ये न्यू शेपर्डमधून भारताचे गोपी थोटाकुरा गेले, तेव्हा तीनपैकी एक पॅराशूट पूर्ण उघडलं नव्हतं. याला यश म्हणायचं का?” प्रवाशांच्या बाजूने, हो. कुपी कमी पॅराशूटवरही उतरावी अशीच बनवलेली आहे आणि सगळे सहा जण सुखरूप उतरले. इंजिनिअरच्या बाजूने तो बिघाडच, आणि त्याने ते पॅराशूट का अडकलं हे शोधल्याशिवाय पुढचं उड्डाण होऊ देऊ नये. पुढची चिठ्ठी घेऊ.