गुण चार आले, तरी जीव खालीवर होतो

बी.ए.ला असलेली वस्तीतली एक मुलगी कॉलेजात भरून घेतलेला कागद घेऊन माझ्याकडे आली. सात प्रश्न, तिला गुण चार. "मावशी, मले काहीच नाही म्हणे." मग बोलता बोलता निघालं, रात्री जीव खालीवर होतो, छाती धडधडते, फीची आठवण आली की घास उतरत नाही. मग काळजीच्या प्रश्नाला शून्य का? "चिंता तं मायले आहे, मले कायची?"

या प्रश्नावलीला जीएडी-७ म्हणतात. डॉ. रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. मागच्या दोन आठवड्यांत अस्वस्थता, न आवरणारी काळजी, चिडचिड, काही वाईट घडेल ही भीती किती दिवस होती, असं ती विचारते. एकूण गुण २१. दहा किंवा जास्त आले तर पुढे तपासायचं. हा दहाचा आकडा असा ठरला : दवाखान्यातल्या रुग्णांनी कागद भरला, आणि त्यांच्यापैकी काहींशी तज्ज्ञांनी गुण न बघता सविस्तर बोलून निदान केलं. दोन्ही ताडून पाहिलं. खरा त्रास असलेल्या शंभरातले ८९ सापडले. अकरा सुटलेच.

२०१५ साली तिथल्याच कॉलेजच्या मुलांवर अभ्यास झाला. सारखाच त्रास असूनही काळ्या मुलांचे गुण इतरांपेक्षा कमी येत होते. रेघ एकच, पण सगळ्यांना सारखी लागू नाही. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये.

यवतमाळात एकाच बाकावर वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, बंजारा बोलणारी मुलं बसतात. तिथे पुस्तकी मराठीतलं भाषांतर पुरत नाही. "या प्रश्नातून तुला काय समजलं?" हे मुलांनाच विचारावं लागतं, गुण मुलाखतीशी ताडावे लागतात, तेही प्रत्येक गटाचे वेगळे. आणि कागदावर नाव लिहायचं, समोर सर उभे, तर स्कॉलरशिपवर शिकणारा पोरगा खरं लिहील का?

म्हणून गुण कमी आले तरी झोप, जेवण, अभ्यास बिघडला असेल तर थांबू नका. जास्त आले म्हणजे वेड लागलं असंही नाही. मरणाचे विचार येतात का, हे ही प्रश्नावली विचारतच नाही. ते आपणच शांतपणे विचारायचं. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्रीही चालतो. जाताना कॉलेजचा कागद सोबत घ्या, पण आधी पोराला त्याच्याच बोलीत सांगू द्या.